विजेच्या मोटारीचे गणित गोव्यात कुठे अडते?

विजेच्या मोटारीची सारी जाहिरात एका आकड्यावर उभी असते. एक किलोमीटर धावायला एक रुपया. हा आकडा खोटा नाही. घरच्या मीटरवर रात्रभर चार्ज केलेली मध्यम आकाराची मोटार खरोखरच साधारण तेवढ्याच खर्चात धावते, आणि त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला त्याच अंतरासाठी पाच-सहा रुपये लागतात. मात्र गाडी विकत घेणारा माणूस फक्त किलोमीटरचे पैसे भरत नाही. तो गाडीची किंमत भरतो, कर्जाचे व्याज भरतो, विम्याचा हप्ता भरतो आणि चार-पाच वर्षांनी गाडी विकताना घसरलेली किंमतही सोसतो. इंधनावर वाचलेला पैसा या चार वाटांनी परत जातो की हाती उरतो, हे ठरवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वर्षाकाठी होणारी धाव.

गोव्याची अडचण नेमकी इथे आहे. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत सारे राज्य दीडशे किलोमीटरच्या आत संपते. पणजी ते मडगाव हे अंतर जेमतेम ३५ किलोमीटरचे. एकदा चार्ज केलेली गाडी वाटेत बंद पडेल ही भीती त्यामुळे गोव्यात जवळपास निराधार ठरते. विजेच्या मोटारीला यापेक्षा सोयीचा प्रदेश शोधूनही सापडणार नाही, असे म्हटले जाते ते याच कारणाने. पण अंतरे लहान असली की धाव कमी होते, धाव कमी झाली की बचतही कमी होते, आणि जास्त किंमत मोजून घेतलेली गाडी आपली किंमत वसूल करायला फार वर्षे घेते. जे राज्य ही गाडी चालवायला सर्वांत सोयीचे, तेच ती परवडण्याच्या दृष्टीने अवघड ठरते.

आठ हजार किलोमीटरचा हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. पेट्रोल लिटरला ९७ रुपये आणि गाडी लिटरला १७ किलोमीटर धावते असे धरले, तर किलोमीटरला ५ रुपये ७० पैसे पडतात. विजेची गाडी एका युनिटमध्ये साधारण ६ किलोमीटर जाते, असे धरू. कंपनीच्या पत्रकात याहून मोठा आकडा असतो. परंतु वातानुकूलन चालू असताना, चढ-उतारांच्या रस्त्यावर आणि चार्जिंगच्या वेळी वाया जाणारी वीज मोजली, तर मीटरवरचा हिशेब याच्या आसपास येतो. बॅटरीत १०० युनिट भरायची तर मीटरवर ११० ते ११५ युनिटांची नोंद होते, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. युनिटचा दर ६ रुपये धरला की किलोमीटरला एक रुपया, आणि बचत ४ रुपये ७० पैसे.

गोव्यात नोकरीनिमित्त रोज २५ किलोमीटर फिरणारा माणूस सुट्ट्या वगळता आणि अधूनमधूनचे फिरणे धरून वर्षाला ८,००० किलोमीटर गाठतो. त्याची इंधनातील बचत झाली ३७,६०० रुपये. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नाही, म्हणून देखभालीचे आणखी ५,००० रुपये त्यात मिळवले, तर ४२,६०० रुपये. आता समान सोयींच्या पेट्रोल आणि विजेच्या गाड्यांच्या किमतीत ४ लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला साडेनऊ वर्षांच्या आसपास लागतील. फरक ३ लाखांचा असला तरी सात वर्षे जातात.

बाजारातील बहुतेक गाड्यांच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवरची हमी असते. म्हणजे पहिल्या उदाहरणातील मालकाची किंमत वसूल होण्यापूर्वीच हमी संपलेली असते, आणि तोवर गाडी धावलेली असते फक्त ६४ हजार किलोमीटर. हमीतील किलोमीटरांचा मोठा हिस्सा त्याने पैसे मोजूनही वापरलेलाच नसतो.

हा हिशेब रोख पैसे देणाऱ्याचा झाला. फरकाचे ४ लाख रुपये ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर वर्षाचे हप्ते ७७ हजारांवर जातात. पहिल्या वर्षीचे नुसते व्याजच ३४ हजारांच्या घरात असते, आणि बचत आहे ४२ हजार. हप्त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम तेवढी बचतीतून भागते, बाकीची खिशातून.

उलट वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे चित्र वेगळे आहे. त्याची इंधनातील बचत ९४ हजार रुपये होते आणि ४ लाखांचा फरक सव्वाचार वर्षांत भरून निघतो. काणकोणहून रोज पणजीला ये-जा करणारा सरकारी कर्मचारी किंवा दाबोळी आणि मोपा विमानतळांवर दिवसभर फेऱ्या मारणारा टॅक्सीचालक या वर्गात मोडतो. तिसवाडीत राहून तिसवाडीतच काम करणारा मोडत नाही.

यात २२ सप्टेंबर २०२५ पासून एक नवी भर पडली. त्या दिवसापासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर, अधिभारासह असलेल्या २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे आणि तेवढाच राहिला. विजेची गाडी महाग झाली नाही, पेट्रोलची स्वस्त झाली. आठ लाख मूळ किमतीच्या गाडीवर ११ टक्के म्हणजे ८८ हजार रुपये होतात. वरच्या हिशेबातील मालकाला एवढी रक्कम गाठायला दोन वर्षांची बचत लागते.

स्वतःचे आंगण आणि स्वतःचा मीटर

आतापर्यंतचा हिशेब गाडी घरी चार्ज होते या गृहीतकावर उभा आहे. अंगण असलेल्या घरात ते खरे ठरते. तरीही जुन्या घरांतील वायरिंग आणि अर्थिंग आधी तपासून घ्यावे लागते. ३० युनिटांची बॅटरी पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रिकामी असताना भरायला दहा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि इतका वेळ पूर्ण भार सहन करणे जुन्या तारांना झेपतेच असे नाही. वेगवान घरगुती चार्जर बसवायचा तर वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर स्थिर आकारही वाढतो.

दरांचीही एक गोम आहे. गोव्यात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. सुरुवातीचे युनिट स्वस्त, पुढचे महाग. वर्षाला ८,००० किलोमीटर म्हणजे महिन्याला सुमारे ११० युनिट. फ्रिज, पंखे, वातानुकूलन यांनी खालचे टप्पे आधीच संपवलेले असतात, त्यामुळे गाडीचे हे ११० युनिट वरच्या टप्प्याच्या दरानेच मोजले जातात. बिलावरील सरासरी दर पाहून गाडीचा खर्च काढणाऱ्याची इथे फसगत होते. शिवाय हे दर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात.

सदनिकेत राहणाऱ्यांचा प्रश्न याहून कठीण. पणजी, मडगाव, वास्को, फोंडा येथील कित्येक इमारतींत ठरलेली पार्किंगची जागाच नसते. असली तर ती मीटरच्या खोलीपासून दूर असते आणि तिथवर तार नेण्यासाठी सोसायटीची संमती लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी रहिवाशाला आपल्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा दिली आहे, पण सूचना दिल्लीहून येतात आणि संमती तळमजल्यावरच्या बैठकीत मिळवावी लागते. भाडेकरूची स्थिती तर आणखी नाजूक. दुसऱ्याच्या भिंतीवर चार्जर बसवायचा आणि अकरा महिन्यांनी तो काढून न्यायचा, याला किती घरमालक तयार होतील?

ज्याला घरी सोय नाही त्याने सार्वजनिक चार्जरवर जावे, हा सल्ला सोपा आहे. तिथे मात्र किलोमीटरला एक रुपया हा आकडा मागे पडतो. घरगुती विजेवर वस्तू व सेवा कर नाही, सार्वजनिक चार्जिंग ही सेवा असल्याने तिच्यावर १८ टक्के आहे. गाडीवर ५ टक्के आणि ती भरण्यावर १८ टक्के, असा हा उफराटा न्याय. करासह युनिटला २० रुपये पडले, तर किलोमीटरचा खर्च ३ रुपये ३० पैशांवर जातो. आठ हजार किलोमीटरची इंधनबचत १९ हजारांवर येते. चार लाखांचा फरक केवळ तिच्यातून भरून काढायचा तर २१ वर्षे हवीत. गाडीच तितकी टिकण्याची शाश्वती नाही. चार्जर नादुरुस्त असणे, प्रत्येक कंपनीचे वेगळे अ‍ॅप आणि त्यात आगाऊ भरून ठेवावे लागणारे पैसे, चार्जिंगच्या जागी उभी केलेली पेट्रोलची गाडी, या कटकटी रुपयांत मोजता येत नाहीत. ज्यांना रोज तिथेच जावे लागते त्यांच्यासाठी त्या किरकोळ नसतात.

राज्याबाहेरचा प्रवास हा त्यातलाच एक भाग. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावला जाताना गाडी समुद्रसपाटीवरून साधारण आठशे मीटर वर चढते. सोळाशे किलो वजनाची भरलेली गाडी एवढ्या उंचीवर न्यायला जवळजवळ चार युनिट जास्तीचे लागतात. म्हणजे सपाटीवरचे २५ किलोमीटर त्या चढातच संपतात. परतताना उतारावर ब्रेक लावून त्यातील बरीच वीज बॅटरीत परत येते, आणि ही या गाड्यांची खरोखर देखणी बाजू आहे. बेळगावपर्यंत काळजी नाही. पुणे-मुंबईच्या प्रवासात मात्र वाटेतील चार्जर चालू आहे की नाही याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी लागते.

बॅटरी भाड्याने घेतली तर

किमतीतील फरकाची धास्ती कमी करण्यासाठी कंपन्यांनी बॅटरी भाड्याने देण्याची पद्धत काढली. एमजी कंपनीची विंडसर ही मोटार सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आली, तेव्हा बॅटरीविना तिची सुरुवातीची किंमत ९ लाख ९९ हजार होती आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. ऐकायला हे सोपे वाटते. पण साडेतीन रुपये भाडे आणि एक रुपया वीज मिळून किलोमीटरला साडेचार रुपये होतात, आणि पेट्रोलच्या तुलनेत बचत उरते १ रुपया २० पैसे. हीच गाडी सार्वजनिक चार्जरवर भरली तर खर्च ६ रुपये ८० पैसे, म्हणजे पेट्रोलपेक्षाही जास्त. अशा करारांत दरमहा किमान किलोमीटरांचे भाडे भरण्याची अट असू शकते. कमी फिरणाऱ्याने ते कलम सही करण्यापूर्वी शोधून वाचलेले बरे, कारण न धावलेल्या किलोमीटरांचेही पैसे त्याच्याच खात्यातून जातील.

विमा, पाऊस आणि गाडीचे पोट

विम्यात सवलत आहे, असे सांगितले जाते. आहेच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार विजेच्या वाहनाला त्रयस्थ विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट मिळते. त्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या पेट्रोल मोटारीचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये आणि ३० ते ६५ किलोवॉटच्या विजेच्या मोटारीचा २,९०४ रुपये ठरला. सूट झाली ५१२ रुपये. विम्याचा मोठा भाग मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असतो आणि तो गाडीच्या किमतीवर ठरतो. गाडी महाग, म्हणून हप्ता महाग. बॅटरीसाठी वेगळे संरक्षण घ्यायचे तर त्याचा भार निराळा. ५१२ रुपयांची सूट त्यात कुठल्या कुठे विरून जाते.

बॅटरीचे वेगळे संरक्षण घेणे शहाणपणाचे का, हे गाडीखाली वाकून पाहिले की कळते. या गाड्यांची बॅटरी आसनांखाली, तळाशी सपाट बसवलेली असते. गावातल्या रस्त्याच्या कडेचा चिरा, खड्ड्यातून उडालेला दगड किंवा बेताल उंचीचा गतिरोधक यांचा तडाखा थेट तिच्या कवचाला बसतो. पेट्रोल गाडीच्या पोटाला पोचा आला तर ती तशीच वर्षानुवर्षे चालते. बॅटरीच्या कवचाला आलेला पोचा सुरक्षिततेचा प्रश्न होतो, आणि कित्येकदा आतील एखादा भाग बदलण्याऐवजी संपूर्ण बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला जातो. गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा एकच वाटा या बॅटरीचा असतो.

पावसाची भीती तुलनेने अतिरंजित आहे. बहुतेक बॅटऱ्या आयपी-६७ या मानकाच्या असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिल्या तरी आत पाणी शिरू नये अशी त्यांची बांधणी असते. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जायला पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी बरी, असेही म्हणता येते, कारण हिच्या इंजिनात पाणी ओढले जाण्याचा प्रश्नच नाही. रात्रभर पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ही गोष्ट वेगळी. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या जोडण्या आणि बाहेरच्या वायरी गंजणे हा किनाऱ्यालगतच्या गावांतला खरा उपद्रव आहे, आणि चार्जरला उघड्यावर न ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. पावसाळ्यात झाड कोसळून रात्रभर वीज गेली, तर सकाळी गाडी अर्धीच भरलेली असते. रोजची धाव २५ किलोमीटर असेल तर त्याने काही बिघडत नाही.

वजनामुळे टायर लवकर झिजतात, एवढे इथे जाता जाता नोंदवायला हवे.

विकायला निघाल्यावर

विजेच्या मोटारीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा खर्च म्हणजे तिची घसरणारी किंमत. याचे कारण चमत्कारिक आहे. बॅटरी स्वस्त होत चालली आहे, ही साऱ्यांसाठी चांगली बातमी असते, फक्त ज्याच्या दारात गाडी आधीच उभी आहे तो सोडून. ब्लूमबर्गच्या वार्षिक पाहणीनुसार बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये किलोवॉट-तासाला ११५ डॉलरवर आली. एका वर्षातली ती घट २० टक्क्यांची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने बॅटरीच्या घसरत्या किमतीचे कारण देत नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजार रुपयांपर्यंत कमी केली. जानेवारीत ती घेणाऱ्याने महिन्याभरात तेवढी रक्कम गमावली, गाडी नीट चालत असतानाही. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत आणखी खाली जाते.

हे फक्त भारतातच घडते असे नाही. हर्ट्झ या अमेरिकन भाड्याच्या मोटारींच्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताफ्यातील सुमारे २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. घसरलेली किंमत आणि दुरुस्तीचा वाढलेला खर्च ही कारणे त्यामागे होती. पर्यटकांना मोटारी भाड्याने देणाऱ्या गोव्यातील व्यावसायिकांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने व्यापाऱ्यांकडून विकल्या जाणाऱ्या जुन्या विजेच्या गाड्यांच्या नफ्यावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के केला. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला तो लागू नाही.

सवलतींचे पाठबळही ओसरते आहे. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत मिळणारी आयकरातील वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना स्थान नाही. गोव्याने २०२१ मध्ये स्वतःचे धोरण आणले, पण त्याखालचे खरेदी-अनुदान अखंड चालू राहिले नाही. शेजारच्या कर्नाटकने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर १० टक्के आजीवन कर बसवला. महाराष्ट्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या गाड्यांसाठी ६ टक्के कर सुचवला आणि टीका झाल्यावर तो मागे घेतला. पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर हे प्रत्येक राज्याचे हक्काचे उत्पन्न असते. गाड्या विजेवर गेल्या की ते आटते, आणि कोणतेही सरकार ती खोट फार काळ सोसत नाही. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांना दर हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर रस्ता आकार लावला आहे, आणि ब्रिटनने २०२८ पासून मैलामागे ३ पेन्स आकारण्याचे जाहीर केले आहे.

कमी फिरणाऱ्या गोमंतकीयाने म्हणून विजेच्या गाडीचा विचारच सोडावा का? एक वाट उरते, आणि ती वर सांगितलेल्या तोट्यातूनच निघते. किंमत सर्वाधिक घसरते ती पहिल्या तीन-चार वर्षांत, आणि तो घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो. चार वर्षे जुन्या गाडीच्या बॅटरीवर अजून चार वर्षांची हमी शिल्लक असू शकते. किमतीतला फरक एक-दीड लाखावर आला असेल, तर वर्षाला ८,००० किलोमीटरची धावसुद्धा तो फार तर साडेतीन वर्षांच्या आसपास भरून काढते. अशी गाडी पाहताना रंग आणि आसने यांआधी तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, बॅटरीची उरलेली क्षमता दाखवणारा अधिकृत सेवाकेंद्राचा लेखी अहवाल. बहुतेक हमीपत्रांत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेल्यासच बॅटरी बदलून मिळते, त्यामुळे ७२ टक्क्यांवर आलेली गाडी सर्वांत धोक्याची. दुसरी, हमी नव्या मालकाच्या नावावर होते की नाही याचा लेखी खुलासा, कारण काही आजीवन हमी पहिल्या मालकापुरत्याच असतात. तिसरी, गाडी उंच उचलून तळाच्या कवचाची तपासणी. तिला तयार नसलेला विक्रेता भेटला, तर दुसरी गाडी पाहावी.